तुम्ही विचारलंत म्हणून: एचआरमध्ये यायचंय, मुलाखतीत काय सांगू?

सेल्स, शिकवणं, कस्टमर सपोर्ट, ऑपरेशन्स अशा कामांत काही वर्षं काढलेली माणसं मला सारखं विचारतात: "एचआरमध्ये जायचंय, मुलाखतीचं बोलावणंही आलंय. 'एचआरच का?' असं विचारलं तर काय सांगू?" बहुतेकांच्या मनात उत्तर तयारच असतं. "मला माणसं आवडतात."

हे उत्तर देऊ नका. ते खोटं असतं असं नाही, पण त्यातून समोरच्याला तुमच्याबद्दल काहीच कळत नाही. माणसं आवडणारा माणूस सेल्समध्येही हवा असतो आणि वर्गातही. एचआरच्या खुर्चीत बसलं की ज्याचं काम तुम्हाला मनापासून आवडतं, त्यालाच कधीतरी "यंदा बढती नाही" हे सांगावं लागतं, आणि का नाही हेही नीट सांगावं लागतं. मुलाखत घेताना मी एकच गोष्ट शोधत असते: कामाची गरज आणि माणसाची अडचण एकमेकींच्या आड आली, तेव्हा या उमेदवाराने काय केलं? असे प्रसंग कुठल्याही नोकरीत येतात. आपण ते एचआरचं काम म्हणून ओळखत नाही, इतकंच.

सपोर्ट टीमची लीड असलेली एक जण माझ्याकडे तयारीसाठी आली होती. "टीम सांभाळायचे, सगळ्यांशी चांगले संबंध होते," एवढंच ती पुन्हा पुन्हा सांगत होती. मी तिला शिफ्टच्या रोस्टरबद्दल विचारलं, तेव्हा खरी गोष्ट बाहेर आली. एका मुलाची आई आजारी होती, म्हणून तो नाइट शिफ्ट टाळायचा आणि बाकीचे कुरकुरायचे. तिने आधी प्रत्येकाशी वेगवेगळं बोलून घेतलं. गेल्या काही महिन्यांत कोणी किती नाइट केल्या त्याचा तक्ता करून सगळ्यांसमोर ठेवला. त्या मुलाने रात्रींच्या बदल्यात सुट्टीच्या दिवशीच्या शिफ्ट घ्यायच्या, असं ठरलं. आईच्या आजाराबद्दल मात्र ती टीमला काही बोलली नाही. त्याला विचारूनच तिने इतकंच सांगितलं, की कारण खरं आहे आणि मी खात्री करून घेतली आहे. नोंद ठेवणं, सगळ्यांना एकच माप लावणं, खासगी गोष्ट खासगी ठेवणं, सगळं त्यात होतं. "एचआरच का?" याचं उत्तर तिच्याकडे आधीपासून होतं: हे काम मी करतच आले आहे, आता तेच पूर्णवेळ आणि नीट शिकून करायचंय.

"असा एखादा प्रसंग सांगा जेव्हा..." अशा प्रश्नांना परिस्थिती, जबाबदारी, कृती, परिणाम या क्रमाने उत्तर द्या. स्टार पद्धत म्हणतात ती हीच. निम्म्याहून जास्त वेळ कृतीला द्या. बहुतेक जण परिस्थिती सांगण्यातच दमतात आणि स्वतः काय केलं ते एका वाक्यात उरकतात. पॅनेल हे प्रश्न उगाच विचारत नाही. फ्रँक श्मिट आणि जॉन हंटर या मानसशास्त्रज्ञांनी १९९८ साली, ८५ वर्षांत झालेलं निवडपद्धतींवरचं संशोधन एकत्र मांडलं. सगळ्या उमेदवारांना ठरलेले प्रश्न विचारून ठरलेल्या निकषांवर गुण दिले, तर पुढच्या कामगिरीचा अंदाज मोकळ्या गप्पांपेक्षा चांगला येतो, असं त्यातून दिसलं. एचआरमध्ये आल्यावर मुलाखती तुम्हीही घेणार आहात. तेव्हा "भरती कशी कराल?" या प्रश्नालाही हे उपयोगी पडतं.

माझ्या मते सगळ्यात महत्त्वाचा प्रश्न वेगळाच आहे, आणि त्याचीच तयारी कोणी करत नाही. "एक कर्मचारी तुमच्याकडे येतो, वरिष्ठ त्रास देतात म्हणतो, आणि कोणालाही सांगू नका अशी गळ घालतो. काय कराल?" मनाने चांगली माणसं इथे चटकन म्हणतात, "मी त्याचा विश्वास मोडणार नाही." काही जण उलट टोकाला जातात: "लगेच वरिष्ठांना बोलावून घेईन." दोन्ही उत्तरं धोक्याची आहेत. पूर्ण गुप्ततेचा शब्द एचआरला देताच येत नाही, कारण छळाची तक्रार कानावर आली की संस्थेवर जबाबदारी येते. ते त्याला सुरुवातीलाच सांगायला हवं: "ज्यांना कळणं गरजेचं आहे त्यांनाच कळेल, त्यापलीकडे नाही." मग त्याचं म्हणणं त्याच्याच शब्दांत लिहून घ्यायचं, तारखा आणि साक्षीदार विचारायचे, पुढची पायरी काय ते सांगायचं आणि तक्रार केल्याबद्दल त्याच्यावर कोणी सूड उगवणार नाही हे पाहायचं. दुसरी बाजू ऐकेपर्यंत मत बनवायचं नाही. नेमका नियम माहीत नसेल तर "आधी पॉलिसी आणि कायदा तपासेन" असं सरळ म्हणा. अंदाजाने कायदा सांगणारा उमेदवार मला जास्त काळजीत टाकतो.

याच उत्तरात ऐकण्याचं कौशल्यही दाखवता येतं. शिकागोजवळच्या वेस्टर्न इलेक्ट्रिकच्या हॉथॉर्न कारखान्यात १९२८ ते १९३० या काळात वीस हजारांहून अधिक कामगारांच्या मुलाखती घेतल्या गेल्या. सुरुवातीला प्रश्न ठरलेले होते. पण कामगार ते सोडून स्वतःला महत्त्वाचं वाटेल तिकडे वळायचे. शेवटी मुलाखत घेणाऱ्यांनी पद्धतच बदलली आणि त्यांना बोलू दिलं. भरतीच्या मुलाखतीत ठरलेले प्रश्न हवेत. व्यथा घेऊन आलेल्या माणसासमोर पहिलं वाक्य मात्र "काय झालं ते तुमच्या शब्दांत सांगा" हेच हवं. हा फरक तुम्हाला कळतो, हे पॅनेलला दिसू द्या.

"एचआरचा अनुभव नाही तुम्हाला" असं म्हणतील. नाही, हे मान्य करा, माफी मागू नका, आणि एखादं मोजमाप घेऊन बोला. समजा, वर्षाच्या सुरुवातीला २०० माणसं होती, शेवटी २२०, आणि मधल्या काळात २१ सोडून गेली. सरासरी २१०, म्हणजे अ‍ॅट्रिशन (नोकरी सोडून जाण्याचं प्रमाण) १० टक्के. पण त्या २१ पैकी १४ जण एकाच विभागातले असतील आणि पहिल्या सहा महिन्यांतच गेलेले असतील, तर १० टक्क्यांचा आकडा काहीच सांगत नाही. त्या विभागाची भरती, तिथलं इंडक्शन (नव्या माणसाला कामाची ओळख करून देणं) आणि तिथला मॅनेजर बघावा लागेल. इतकं बोललात तरी तुम्ही अभ्यास केलाय हे कळतं.

पाच वर्षांनी कुठे असाल, उणीव कोणती, पगाराची अपेक्षा काय, यांवर फार डोकं शिणवू नका. खरं आणि थोडक्यात बोला. जुनी नोकरी का सोडताय, इथे मात्र जपून. आधीच्या बॉसबद्दल कडवट बोललात, तर उद्या आमच्या माणसांबद्दलही हा बाहेर असाच बोलेल, असं समोरच्याला वाटणारच. एचआरमध्ये प्रत्येकाचा पगार, आजारपण, घरची अडचण तुमच्या टेबलावरून जाते.

शेवटी "तुम्हाला काही विचारायचंय?" असं म्हणाले, तर मागच्या वर्षी सोडून गेलेल्यांनी एक्झिट इंटरव्ह्यूत काय सांगितलं आणि त्यानंतर काय बदललं, ते विचारा. पहिले सहा महिने भरती, पेरोल की तक्रारी यांतलं कोणतं काम हाती येणार, तेही विचारून घ्या. एचआर या नावाखाली प्रत्येक कंपनीत वेगळंच काम असतं.