सायकलला जागा हवी, तीही सलग

"हल्ली सायकल चालवतं कोण?" असं कुणी विचारलं की मला राग येतो. पुण्यात आमच्या सोसायटीत कामाला येणाऱ्या मावशी धनकवडीहून सायकलवर येतात. पेपरवाला सायकलवर, रात्रपाळीचा वॉचमनही सायकलवरच.

सातारा रस्त्याच्या कडेला सायकल ट्रॅक आहे. पण मी रोज जाते त्या टप्प्यात पेव्हर ब्लॉक उखडलेत, मध्येच विजेचा डीपी बॉक्स उभा, पुढे लावलेल्या स्कूटर आणि बसस्टॉपपाशी ट्रॅकच गायब. मग वाहत्या रहदारीत घुसायचं, तेही नेमकं बस कडेला येते तिथे.

पुण्याचा सायकल आराखडा २०१७ मध्ये मंजूर झाला. तरी "जागा कुठंय?" हे पालुपद चालूच. कडेला उभी असलेली एक मोटार जवळपास दोन मीटर रुंदी अडवते. तेवढ्यात सायकलची लेन बसते. पेठांतल्या बोळांत वेगळी लेन नकोच, तिथे गाड्यांचा वेग कमी केला तरी पुरे. मोठ्या रस्त्यांवर मात्र एका बाजूचं पार्किंग काढा आणि ट्रॅक चौकातूनही सलग न्या. डावीकडे वळणाऱ्या गाड्या अंगावर येतात त्या तिथेच.