तुम्ही विचारलंत म्हणून: तिशीनंतर नर्सिंग

प्रश्न साधारण असा येतो: ‘लग्न झालं, मुलं शाळेत जायला लागली, वय बत्तीस. आता नर्सिंगला प्रवेश मिळेल का, आणि झेपेल का?’

प्रवेश मिळू शकतो, पण हातातले महिने मोजून घ्या. इंडियन नर्सिंग कौन्सिलच्या नियमांत वयाची कमाल मर्यादा ३५ वर्षं आहे आणि वय प्रवेशाच्या वर्षातल्या ३१ डिसेंबरला धरलं जातं. एएनएम (सहायक परिचारिकेचा अभ्यासक्रम) आधीच झालेलं असेल, तर जीएनएमसाठी (जनरल नर्सिंग आणि मिडवाइफरीची पदविका) ही अट नाही. बारावी झाली आहे आणि इंग्रजीसह ४० टक्के आहेत, तर शाखा कोणतीही असो, तीन वर्षांचं जीएनएम करता येतं. बीएस्सी नर्सिंगला मात्र बारावीला भौतिक, रसायन, जीवशास्त्र लागतं. बारावीच राहिली असेल तर एनआयओएसमधून, म्हणजे राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्थेतून, देता येते. नोंदणी पाच वर्षं चालते आणि परीक्षा वर्षातून दोनदा होते. पण तेवढ्या काळात पस्तिशी उलटणार नाही ना, हे आधी पाहा. जीएनएमनंतर दोन वर्षांचं पोस्ट बेसिक बीएस्सी करता येतं, त्यामुळे कला शाखेच्या बाईलाही पदवीची वाट बंद नाही.

सर्वांत जास्त फसवणूक होते ती ‘सहा महिन्यांत नर्स’ अशा पाट्यांवर. तो कोर्स करून रुग्णाची मदतनीस होता येतं, आणि ते कष्टाचं, चांगलं काम आहे. पण महाराष्ट्र नर्सिंग कौन्सिलकडे त्यावर नोंदणी होत नाही, आणि नोंदणीशिवाय नर्स म्हणून काम करता येत नाही. फी भरण्याआधी कॉलेजचं नाव कौन्सिलच्या यादीत त्याच अभ्यासक्रमासाठी, चालू वर्षासाठी आहे का, हे स्वतः शोधा. कॉलेजच्या माहितीपत्रकावर विसंबू नका.

कागदपत्रांत बायकांचं घोडं अडतं ते नावावर. बारावीची गुणपत्रिका माहेरच्या नावाची, आधार सासरचं. विवाह नोंदणीचा दाखला किंवा राजपत्रातली नोंद हाताशी ठेवा. शिक्षण मध्येच थांबलं होतं म्हणून गॅपचं प्रतिज्ञापत्रही लागतं. आरक्षणातून जाणार असाल तर जातीचा दाखला आणि वैधता माहेरच्या कागदांवर होते, आणि वैधतेला महिने लागतात. अर्जाची जाहिरात येण्याची वाट पाहत बसू नका.

आता झेपण्याबद्दल. मोठ्या वयात शिकणाऱ्याला अभ्यासापेक्षा हजेरी जड जाते. परीक्षेला बसायला थिअरी आणि प्रॅक्टिकल, दोन्हींत ८० टक्के हजेरी लागते, आणि वॉर्डातलं काम तर शेवटी शंभर टक्के भरून द्यावं लागतं. म्हणजे चुलत नणंदेच्या लग्नाला चार दिवस गेलात, तर ते चार दिवस माफ होत नाहीत, सुट्टीत ड्युटी करून भरावे लागतात. मुलाला ताप आला तर घरी कोण राहणार, नाइट ड्युटीच्या दिवसांत डबा कोण करणार, हे माणसांच्या नावांनिशी आधी ठरवा. ‘बघू तेव्हा’ म्हणणाऱ्या घरात दुसऱ्या वर्षी ओढाताण सुरू होते. होस्टेल सक्तीचं आहे का, हेही आधीच विचारा. काही ठिकाणी असतं.

दुसरी भीती गणिताची, आणि ती घालवता येते. डॉक्टरांनी ६० मिलिग्रॅम लिहिलं आणि अँप्युल, म्हणजे इंजेक्शनची काचेची कुपी, २ मिलीत ८० मिलिग्रॅमची आहे. जेवढं हवं त्याला जेवढं आहे त्याने भागा, मग मिलीने गुणा: ६० ÷ ८० × २ = १.५ मिली. सलाइनचं असंच. ५०० मिली चार तासांत द्यायचं, सलाइनची नळी (सेट) मिलीला २० थेंबांची. ५०० × २० = १०,००० थेंब, भागिले २४० मिनिटं, म्हणजे मिनिटाला सुमारे ४२ थेंब. इथे तीन चुका वारंवार होतात. तासांची मिनिटं करायची राहतात. मायक्रो सेटला मिलीला ६० थेंब असतात, ते पाकिटावर वाचलं जात नाही. आणि ०.५ लिहिताना आधीचं शून्य गाळलं की टिंब पुसट होऊन पुढच्या ड्युटीची नर्स ५ वाचते, म्हणजे औषध दहापट जातं. ही चूक खरंच जिवावर बेतते, म्हणून शून्य लिहायची सवय पहिल्या दिवसापासून लावा. रोज पाच उदाहरणं, कॅल्क्युलेटरशिवाय, आणि उत्तर आलं की ‘एवढं औषध कुणाला देतात का?’ असं स्वतःला विचारायचं.

पुस्तकं इंग्रजीत असतात. सगळं पाठ करण्यापेक्षा शब्दांचे तुकडे शिका: ‘आयटिस’ म्हणजे दाह, ‘एक्टॉमी’ म्हणजे काढून टाकणं, ‘हायपो’ कमी, ‘हायपर’ जास्त. असे शंभरेक तुकडे आले की ॲनाटॉमीचं पान परकं वाटत नाही. उत्तर आधी मराठीत सांगून पाहा; मराठीत सांगता आलं नाही, तर समजलेलं नाही.

लस मात्र आजच सुरू करा. हिपॅटायटिस बीचे तीन डोस शून्य, एक आणि सहाव्या महिन्याला असतात, आणि शेवटच्या डोसनंतर एक-दोन महिन्यांनी रक्तातली प्रतिकारक्षमता तपासतात. ती १० mIU/mL किंवा जास्त आली पाहिजे. प्रवेश झाल्यावर सुरू केलीत, तर सुई टोचण्याची शक्यता सर्वांत जास्त असते त्या पहिल्या महिन्यांत तुम्ही अर्धवट लस घेऊन वॉर्डात उभ्या असाल. पहिल्या ड्युटीला जाताना बांगड्या, अंगठ्या घरी ठेवा, मंगळसूत्र आत घालून पिनने अडकवा आणि नखं कापा, कारण हात धुण्याच्या पहिल्याच तासाला इन्चार्ज सिस्टर हेच बघतील.