बे टाक!

मुलीनं पाठवलेला खेळायचा पोलादी गोळा घरी आला तसा मी आधी काट्यावर ठेवला. जिनिंगच्या काट्यावर ३१ वर्षं काढलेला माणूस दुसरं काय करणार? ७२० ग्रॅम भरला. मग आमच्या फिटरला बोलावलं. फिटर म्हणजे माझा लंगोटीयार. त्याचं खरं नाव आता फक्त रेशनकार्डावर उरलंय. त्यानं कॅलिपर लावला, ७४ मिलिमीटर. गोळा कानाशी नेऊन नखानं टिचकी मारली आणि म्हणाला, "पोकळ आहे बे हा. भरीव असता त दीड किलोच्या वर गेला असता."

मी कागदावर हिशोब मांडला. एवढ्या व्यासाचा भरीव पोलादी गोळा एक किलो साडेसहाशेच्या आसपास भरतो. म्हणजे फिटरचं बरोबर. पण पोकळ गोळ्याला जोड पाहिजे की नाही? तो दिसेना. फिटरनं चष्मा कपाळावर चढवला, गोळा उन्हात तिरपा धरून हळूहळू फिरवला आणि अंगठ्याचं नख एका जागी थांबवलं. "हे पाय. दोन वाट्या आहेत. वेल्डिंग मारून घासून टाकलं. कारीगर हाय थो." खोबऱ्याच्या दोन वाट्या परत जुळवून नारळ करावा, तसं काम. वर नक्षीसारख्या बारीक खाचा, हातातून घसरू नये म्हणून आणि कोणाचा गोळा कोणता ते कळावं म्हणून.

असे सहा गोळे आणि लिंबाएवढी एक लाकडी गोटी माझ्या मुलीनं पुदुच्चेरीहून पाठवली. ती तिकडे एका हॉटेलात कामाला आहे. मागच्या हिवाळ्यात आम्ही दोघं नवराबायको तिच्याकडे आठ दिवस राहून आलो. नागपूरहून रेल्वेनं चेन्नई, पुढे बस. बायकोनं समुद्र पाहिला. मी समुद्राकडे पाठ करून म्हाताऱ्यांचा खेळ पाहत बसलो. झाडाखाली मुरमाची जागा, त्यावर माझ्याच वयाचे आणि माझ्याहून मोठे पाचसहा जण. लुंगीवाले, पँटवाले. एक जण जमिनीवर गोल आखतो, त्यात उभा राहतो, तळहात खाली करून गोळा धरतो, हात मागे नेऊन सोडतो. गोळा हवेत कमान करून पडतो, थोडा घरंगळतो, थांबतो. मग सगळे चालत जाऊन, वाकून, कोणाचा जवळ पडला त्यावर वाद घालतात. कोणीच पळत नाही.

ते 'पळत नाही' मी का टिपलं ते सांगतो. मी गावाच्या टीमचा फास्ट बॉलर. झेडपीच्या शाळेच्या भिंतीपासून रनअप घ्यायचो. तुरीचं पीक उभं असलं तर धुऱ्यावरून घ्यायचो. आता दोन्ही गुडघे गेले. डॉक्टरनं फोटो उजेडासमोर धरला आणि सांगितलं, पळायचं नाही, उकिडवं बसायचं नाही. मुकाट्यानं घरी आलो.

"बाबा, याला पेतांक म्हणतात," मुलगी म्हणाली.

गावात हा शब्द आला तेव्हा त्याचे हाल झाले. पेटंक, पेटांग, पेटटाक. शेवटी फिटरनं निकाल दिला. "मी सांगतो. थे लोकं 'बे टाक' म्हणत असन. बे, टाक! दुसरं काय म्हणन माणूस गोळा टाकताना?" पारावरच्या सगळ्यांना पटलं. इतकं सोपं, इतकं वऱ्हाडी. पोट्ट्यांनी भिंतीवर खडूनं 'बेटाक मैदान' लिहूनही टाकलं.

मला शब्दांची खोड आहे. काट्यावर गाड्यांची रांग नसली की मी पावतीबुकाच्या पाठीवर शब्द लिहून ठेवायचो. तेव्हा हे काही पचेना. मुलीला फोन करकरून, तिच्याकडून शब्दकोश वाचून घेऊन मी जे जमवलं, ते इथे मांडतो.

पेतांक हा शब्द पॅरिसच्या फ्रेंचमधला नाही. तो दक्षिण फ्रान्सच्या प्रोव्हान्स भागातल्या बोलीतला. म्हणजे पुण्याच्या मराठीत आमचा वऱ्हाडी शब्द घुसून बसावा तसा. त्या बोलीत 'पे' म्हणजे पाय आणि 'तांका' म्हणजे रोवलेला, जागच्या जागी घट्ट केलेला. 'पेस तांकात्स', रोवलेले पाय. हे दोन शब्द बोलता बोलता चिकटले आणि पेतांक झाला. फ्रेंच माणसाला नुसत्या कानानं त्यातले पाय आता ऐकू येत नाहीत.

आपल्याला मात्र येतात. लॅटिनमधला पायाचा शब्द 'पेस', संस्कृतमधला 'पाद', दोन्ही एकाच जुन्या घरातले. पादाचा आपला पाय झाला, तिकडे पेसचा पे झाला. मी हे लिहिताना अंगात जो पायजमा आहे, त्यातला 'पाय' फारसीच्या वाटेनं आलेला, तोही त्याच कुळातला. आणि पुढची गंमत म्हणजे मराठीत या शब्दाचं भाषांतर करायलाच लागत नाही. 'पाय रोवून उभा राहा' हे आपण रोज म्हणतो. माझ्या बापानं पहिल्यांदा वखरावर उभं केलं तेव्हा हेच म्हटलं होतं.

पण खेळाच्या नावात पाय रोवायचं काय काम? त्यासाठी एका दुखऱ्या माणसाकडे जावं लागतं.

मार्सेयजवळ समुद्रकाठी ला सियोता नावाचं गाव आहे. तिथे 'ज्यो प्रोव्हान्साल' नावाचा गोळ्यांचा एक जुना खेळ चालायचा. त्यात पल्ला लांब, १५ ते २१ मीटर, आणि दुसऱ्याचा गोळा उडवायचा तर तीन पावलं पळत येऊन मारायचा. तिथला ज्यूल लनुआर हा त्या खेळातला पट्टीचा खेळाडू. त्याला संधिवात धरला. पळणं संपलं. तो बाजूला बसून दुसऱ्यांचा खेळ पाहू लागला. हे १९०७च्या सुमाराचं सांगतात. तिथेच कॅफे चालवणारा एर्नेस्त पित्यो हा त्याचा दोस्त. त्याला ते बघवेना. त्यानं पल्ला निम्म्यावर आणला आणि पळणं काढून टाकलं. जमिनीवर गोल आखायचा, दोन्ही पाय त्यात रोवायचे, तिथूनच टाकायचा. १९१० साली या नव्या खेळाची पहिली स्पर्धा झाली.

मी हे ऐकलं तेव्हा फोन कानाला तसाच धरून बसलो. डॉक्टरनं मला जे 'करू नको' म्हणून सांगितलं, त्याच गोष्टीला त्या कॅफेवाल्यानं नियम करून टाकलं. गोळा जमिनीला टेकेपर्यंत पाय उचलायचा नाही, हा नियम आज सगळ्यांनाच लागू. वीस वर्षांच्या धडधाकट पोट्ट्यालाही लनुआरच्या गुडघ्यांच्या हिशोबानंच खेळावं लागतं.

नियम थोडक्यात. लाकडी गोटी सहा ते दहा मीटरवर टाकायची. मग दोन्ही बाजूंनी आपले गोळे तिच्या जवळ न्यायचे. ज्याचा जवळ त्याचे गुण, १३ झाले की डाव संपला. जवळ नेणारा एक, दुसऱ्याचा गोळा उडवणारा एक, अशी वाटणी असते. कंचे खेळलेल्या माणसाला यात शिकवण्यासारखं काही नाही.

त्या गोटीचं फ्रेंच नाव कोशोने. अर्थ, डुकराचं पिल्लू! हे मी पारावर सांगितलं आणि चूक केली. ज्या माणसाचा दोन एकर हरभरा गेल्या साली रानडुकरांनी एका रात्रीत लोळवला, तो उठून म्हणाला, "मंग जवळ कायले नेता? हाणा त्याले!" दोन दिवस नुसते गोटीवर नेम धरून हाणणे चालू होते. गोटीच्या दोन ढलप्या गेल्या. सुताराकडून बाभळीच्या चार नव्या करून घेतल्या. एकीला त्यानं स्वतःच्या मनानं शेपूट कोरलं. ते घासून काढावं लागलं, कारण गोटी शेपटीच्या बाजूनं घरंगळेना. तिला तिकडे 'बुशों' असंही म्हणतात, म्हणजे बूच. हा शब्द आपल्या बुचाच्या फार जवळ वाजतो, पण 'बे टाक'नंतर मी नुसत्या कानाच्या भरवशावर राहायचं सोडलंय.

गोळ्याला फ्रेंचमध्ये 'बूल'. हा शब्द मला जास्त नादी लावून गेला. याचं मूळ लॅटिन 'बुल्ला', आणि बुल्ला म्हणजे बुडबुडा. पोलादी गोळ्याचं नाव बुडबुड्यावरून! आत पोकळच आहे म्हणा. पुढे जे जे गोल फुगीर, ते ते बुल्ला. रोमन पोरांच्या गळ्यात दृष्ट लागू नये म्हणून आपल्या ताइतासारखं गोल पदक बांधत, तेही बुल्ला. मग कागदाला लटकवायची शिशाची गोल मोहर बुल्ला, मोहरेवरून मोहरेचा कागद, आणि त्याच वळणावरून बुलेटिन आणि बिल हे शब्द निघाले असं कोश सांगतात. फ्रेंचमध्ये छोटा गोळा म्हणजे 'बुलेत', त्याची इंग्रजांनी बुलेट केली. पाणी बुडबुडे काढू लागलं की बॉइल, म्हणून बॉयलर. म्हणजे सरपंचाच्या पोराची बुलेट, जुन्या प्रेसमधला बॉयलर, सकाळचं हवामानाचं बुलेटिन आणि मी ३१ वर्षं ज्यांवर सह्या केल्या ती बिलं, सगळी एका बुडबुड्याची लेकरं.

आणि बॉलिंगही! हे तर मला कोणी आधी सांगायला पाहिजे होतं. इंग्रजांनी फ्रेंच बूल उचलला, त्याचा 'बोल' केला. आधी गोळा, मग गोळा घरंगळवणे. सुरुवातीच्या क्रिकेटमध्ये चेंडू जमिनीवरून घरंगळतच टाकत, म्हणून ते बोलिंग. 'बॉल' हा शब्द मात्र वेगळ्याच, जर्मन कुळातला. मी आयुष्यभर समजत होतो की बॉल टाकतो तो बॉलर. फिटरला सांगितलं तर म्हणाला, "मंग तू एवढा पळत कायले येत होता बे?"

मैदानाचं सांगायचं राहिलं. आमची काळी माती या खेळाला चालत नाही. उन्हाळ्यात भेगा इतक्या की गोळा आत गेला तर सळाखीनं काढावा लागतो, पावसाळ्यात तर विचारूच नका. मारुतीच्या पारासमोर ग्रामपंचायतीनं मुरूम टाकलेला आहे, तिथे जमते. मुरमावर गोळा पडला की 'खच्च' आवाज येतो आणि तो शहाण्यासारखा थांबतो. पहिले चार दिवस बाया पाण्याच्या गुंड्या घेऊन लांबून वळसा घालत. आता मधूनच जातात आणि आम्हीच थांबतो. सहातला एक गोळा बायकोनं कायमचा ठेवून घेतला. गच्चीवर पापड वाळत घातले की कापडाच्या कोपऱ्यावर ठेवायला तिला असाच जड काहीतरी पाहिजे होता. त्यामुळे आम्ही पाचच गोळ्यांनी खेळतो, तीन-दोन, आणि ज्याच्याकडे दोन त्याला दोन गुण आधीच देतो. फ्रान्समध्ये हे चालायचं नाही.

तिकडे एकही गुण न घेता १३-० हरणाऱ्याला फानी नावाच्या बाईच्या चित्राच्या पार्श्वभागाचा मुका घ्यावा लागतो. हे मी पारावर सांगितलं नाही. आमच्याकडे हरणारा चहा पाजतो.

परवा संध्याकाळी मी फिटरला लनुआरची पूर्ण गोष्ट सांगितली. तो गोलात उभा होता, गोळा हातात, त्याचेही गुडघे माझ्यासारखेच. "म्हणजे नाव 'बे टाक' नाई," तो म्हणाला.

"नाही. रोवलेले पाय."

त्यानं खाली आपल्या पायांकडे पाहिलं. चप्पल काढून गोलाबाहेर ठेवली. अंगठे मुरमात दाबले. हात मागे नेला आणि तसाच थांबला.

"त्या बुढ्याचे गुडघे मंग बरे झाले का नाई?"

"बे, टाक आधी," मी म्हटलं.