दुसऱ्यांची दुःखं ऐकून खचत नाहीस का?

'डॉक्टर चांगले आहेत, गोळ्या चालू आहेत, घरचे सांभाळून घेतात, मग त्या आधारगटात कशाला जातेस? दुसऱ्यांची दुःखं ऐकून आणखी खचत नाहीस?' मला बायपोलर, म्हणजे मन कधी टोकाच्या उदासीत (डिप्रेशन) तर कधी टोकाच्या उत्साहात (मेनिया) नेणारा आजार आहे, हे ज्यांना ठाऊक आहे, ते बहुतेक सगळे हे विचारतात. तुम्हीही विचारलंत, म्हणून सविस्तर सांगते.

डिप्रेशनमध्ये असताना डॉक्टर म्हणायचे, 'हे दिवस जातील.' त्यांच्यावर माझा विश्वास होता, तरी ते दिवस गेल्यावर काय, हे मला दिसतच नव्हतं. गटात ते समोर बसलेलं दिसलं. बँकेत नोकरी करणाऱ्या एक ताई, कित्येक वर्षं लिथियमवर, म्हणजे याच आजाराच्या गोळीवर, मुलीच्या बारावीची काळजी करत होत्या. आंघोळसुद्धा नको वाटायची, असे दिवस त्यांनीही काढले होते. या आजारासकट माणूस मुलीच्या बारावीची काळजी करू शकतो! माझ्या आशेची सुरुवात तिथली.

आमच्या गटात सगळे शुभार्थी, म्हणजे स्वतः आजार असलेले. शुभंकरांची, म्हणजे घरच्यांची, बैठक वेगळी. घरी मी जरा मोठ्याने हसले तरी आईच्या पोटात गोळा येतो. तिचं चुकत नाही, पण गटात मला मोकळं हसता येतं. आणि तिथलेच लोक विचारतात, 'झोप किती झाली?' झोप कमी होऊनही थकवा नसेल, तर ती मेनियाची चाहूल असू शकते. आईने विचारलं की मला राग येतो. त्याच वाटेने गेलेल्या माणसाने विचारलं की मी डॉक्टरांना फोन करते.

लिथियम घेणाऱ्याने पाणी आणि मीठ एकदम कमी करायचं नसतं. अंगातलं पाणी घटलं की रक्तातलं लिथियम वाढतं. हे डॉक्टरांनी सांगितलं होतंच. पण निर्जळी उपासाचं सासूबाईंना कसं सांगायचं? ताईंनी आपल्या सासूबाईंनाच तपासणीला सोबत नेलं होतं आणि डॉक्टरांच्या तोंडून वदवून घेतलं होतं. मीही तेच केलं.

गट म्हणजे उपचार नव्हे. कुणी कुणाची गोळी बदलायला सांगायची नाही आणि ऐकलेलं बाहेर न्यायचं नाही, हे आमच्याकडे फार कडक आहे. जीव द्यायचे विचार येत असतील तर पुढच्या बैठकीपर्यंत थांबायचं नाही, लगेच डॉक्टर गाठायचे. रात्री-अपरात्री टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा नंबर आहे. २०२२ पासून चालू, मोफत, मराठीतही बोलता येतं.

आता नवे लोक माझ्याकडे बघून प्रश्न विचारतात. परवा एका मुलाने विचारलं, 'नोकरी जमते?' म्हटलं, जमते. मग रक्तातल्या लिथियमची तपासणी रात्रीच्या गोळीनंतर बारा तासांनी करायची, तर सकाळी ऑफिसात काय सांगायचं, इथून सुरुवात झाली. बाकीचा सगळा वेळ आम्ही नाइट शिफ्ट कशी टाळायची यावरच बोलत होतो.