कंपनीचा मेडिक्लेम असताना दुसरी पॉलिसी कशाला?

तुम्ही विचारलंत म्हणून एकदा सविस्तर लिहितो. नाशिकच्या अंबड एमआयडीसीत कंपनीच्या कँटीनमध्ये, सिडकोत नातेवाइकांकडे, आणि हप्त्याची तारीख जवळ आली की घरातही हाच प्रश्न असतो. "3 लाखांचा मेडिक्लेम कंपनी देते, मग सुपर टॉप-अपचे पैसे खिशातून का भरतोस?" सुपर टॉप-अप म्हणजे ठरावीक रकमेच्या वरचा खर्च उचलणारी जादा पॉलिसी. मी एजंट नाही. घाबरटही नाही, आणि तसं कुणी म्हटलं की मला राग येतो.

वडील पावसाळ्यात ओट्यावरून घसरले आणि खुब्याचं हाड मोडलं. ऑपरेशन लगेच करायचं ठरलं. आमच्या पॉलिसीत खोलीच्या भाड्याला विमा रकमेच्या 1 टक्क्याची मर्यादा, म्हणजे दिवसाला 3,000. रुग्णालयात त्या रात्री 6,000ची खोली तेवढी रिकामी होती. मोडलेलं हाड घेऊन माणूस स्ट्रेचरवर पडलेला असताना कोण दुसरीकडे खोली शोधत फिरेल? आम्ही घेतली. आजही घेईन.

बिल झालं 2,60,000. डिस्चार्जच्या दिवशी दुपारभर टीपीएच्या, म्हणजे विमा कंपनीसाठी क्लेम तपासणाऱ्या संस्थेच्या, मेलची वाट पाहिली. संध्याकाळी काउंटरवरच्या मुलीने कागद पुढे सरकवला. खोलीचं भाडं निम्मं कापलेलं होतं, ते समजू शकतो. पण खोली दुप्पट भाड्याची म्हणून सर्जनची फी, भूलतज्ज्ञ, ऑपरेशन थिएटर, नर्सिंग, सगळंच निम्मं. औषधं, तपासण्या आणि आत बसवलेला सांधा यांना ही कात्री लागत नाही, एवढाच दिलासा. या सगळ्यात 75,000 गेले. मग हातमोजे, गाऊन, अंडरपॅड, नोंदणी शुल्क अशा ओळींमागून ओळी, प्रत्येकीपुढे शून्य मंजूर. त्यात 14,000. उरलेल्यावर आईवडिलांसाठी असलेला 20 टक्के को-पे, म्हणजे आपण भरायचा वाटा. मंजूर झाले 1,36,800. बाकीचे 1,23,200 आम्ही भरायचे.

वडील लिफ्टजवळ व्हीलचेअरवर बसून होते. भावाला फोन करून पैसे मागतानाचं माझं बोलणं त्यांच्या कानावर गेलं असावं. गाडीत बसवताना म्हणाले, "मी जनरल वॉर्डात झोपलो असतो की रे." ते वाक्य माझ्या डोक्यातून जात नाही. आयुष्यभर कुणाकडे हात न पसरलेल्या माणसाला असं वाटावं, याची चीड अजून आहे.

त्यानंतर मी 3 लाख डिडक्टिबलचा, म्हणजे पहिले 3 लाख सोडून वरचं देणारा, 10 लाखांचा सुपर टॉप-अप घेतला. आता खरं सांगतो. तो वडिलांच्या वेळी असता तरी एक रुपया मिळाला नसता, कारण बिल 3 लाखांच्या आतलंच होतं. तेव्हा मी सगळ्यांना सांगत सुटलो होतो, "कव्हर वाढवा, कव्हर वाढवा." तेव्हाच्या त्या माझ्याशीच माझं आता भांडण आहे. कव्हर 3 लाखांच्या वर वाढलं, आणि आमचे पैसे गेले ते 3 लाखांच्या आत. उद्या 5 लाखांचं बिल झालं तर सुपर टॉप-अप स्वतःच्या नियमांनी बिल तपासून 3 लाखांच्या वरचं देईल. कंपनीच्या पॉलिसीने त्या 3 लाखांत जे कापलं, ते माझ्याच डोक्यावर.

पण म्हणून तो बिनकामाचा का? केमोचा विचार करा. प्रत्येक वेळचं बिल बहुधा 3 लाखांच्या खालीच राहतं, वर्षाची बेरीज मात्र कुठल्या कुठे जाते. साधा टॉप-अप प्रत्येक क्लेम वेगळा मोजतो, त्यामुळे तिथे तो उघडतच नाही. सुपर टॉप-अप वर्षाची बेरीज धरतो. घेताना हा फरक तेवढा विचारून घ्या. शिवाय कंपनीचं कव्हर नोकरीसोबत जातं. मंदीत अंबड-सातपूरला काय होतं, ते मी तुम्हाला सांगायला नको.

"सरकारची महात्मा फुले योजना आहे की, 5 लाखांची," असंही म्हणता. आहे, आणि चांगली आहे. पण ठरावीक उपचारांना आणि यादीतल्या रुग्णालयांत. अपघाताच्या रात्री माणूस जवळचं दार गाठतो.

3 लाखांच्या आतली गळती बुजवायची तर खोलीच्या भाड्याची अट नसलेली, हातमोज्या-गाऊनचा खर्च देणारी स्वतःची मूळ पॉलिसी हवी. माझ्या आणि बायकोच्या नावाने ती घेता येईल. 22 सप्टेंबर 2025 पासून वैयक्तिक आरोग्य विम्यावरचा 18 टक्के जीएसटीही गेला. प्रश्न आईचा आहे. तिच्या वयाला हप्ता जबर, त्यात मधुमेह. आधीपासूनच्या आजाराला 36 महिन्यांपर्यंत थांबायला लावतात. बायको म्हणते, तेवढी रक्कम आरडीत टाकू, निदान आपली तरी राहील. तिचा हिशेब मला खोडता येत नाही. पण आरडीत वर्षभरात जमेल ते एका बिलाला पुरणार नाही, हेही तिला खोडता येत नाही. आईचा फॉर्म भरून ठेवलाय, सही अजून केलेली नाही.