कोपराचं हाड जुळलं, पण करंगळी ऐकेना

मुलगा सात वर्षांचा. मे महिन्यात देवगडला आजोळी गडग्यावरून पडला, हात टेकला आणि कोपराच्या जरा वरचं हाड मोडलं. लहान मुलांचं कोपर बहुतेक इथंच मोडतं म्हणे. हाड बाहेरून बसेना, म्हणून चीर देऊन तारा घातल्या. महिन्याभरात त्या काढल्या, एक्स-रेही चांगला आला.

मग करंगळीला मुंग्या सुरू झाल्या. शाळा उघडेपर्यंत शर्टाचं बटण लावता येईना. सासूबाईंचं एकच, "तेल लावन चोळ, हात मोकळो जाताला." पण कोपर चोळायला डॉक्टरांची सक्त मनाई होती, चोळल्यानं स्नायूतच हाड धरू शकतं.

फोंडाघाट चढून कोल्हापूरला हाताच्या सर्जनकडे गेलो. पहिला प्रश्न : ऑपरेशननंतर लगेच बोटं हलत होती का? होती, पाचही. पडताना किंवा तार घालताना कोपरामागून करंगळीकडे जाणारी नस (मज्जातंतू) दुखावली तर बोटं तेव्हाच मंदावतात आणि बहुतेक मुलांत काही महिन्यांत आपोआप सुधारतात. चांगली हलणारी बोटं मागाहून बिघडत गेली, तर जखम भरताना तयार झालेल्या व्रणात नस आवळली जात असल्याची शंका येते. म्हणून पहिल्या दिवशीची बोटं नीट बघून ठेवा, जमलं तर मोबाइलवर व्हिडिओच काढा.

डॉक्टरांनी त्याला अंगठा आणि तर्जनीत कागद धरायला दिला आणि हळूच ओढला. कागद सुटू नये म्हणून त्याचा अंगठा टोकाशी वाकला. दुसऱ्या हाताचा सरळच राहिला. अंगठा आत ओढणारा स्नायू ढिला पडला, की दुसऱ्या नसेवरचा स्नायू असा मदतीला धावतो. कोपराच्या आतल्या बाजूला टिचकी मारली तर करंगळीपर्यंत झिणझिण्या. एनसीव्ही, म्हणजे विजेचे बारीक झटके देऊन नसेतून संदेश किती वेगानं जातो ते बघणारी तपासणी, तिच्यातही अडथळा कोपरापाशीच निघाला. (त्या झटक्यांना पोरगं घाबरलं, पण आइस्क्रीमवर निभावलं.)

ऑपरेशनमध्ये व्रणातून नस मोकळी केली आणि हाडामागून पुढे आणून ठेवली. नुसती दबलेली नस लवकर सावरते; आतले तंतू तुटले असतील तर ते दिवसाला साधारण 1 मिलिमीटर वाढतात. कोपरापासून तळव्यापर्यंत 20 सेंटिमीटर धरले तर 200 दिवस. हा हिशेब आधीच कळला, म्हणून रोज बोटं तपासत बसलो नाही.

मुंग्या थांबल्यात, बटण लागतं. करंगळी अजून शेजारच्या बोटाला पुरती चिकटत नाही. व्यायाम चालू आहेत, गणपती झाले की पुन्हा एनसीव्ही.