वसुलीचे काम शिकावे लागते

बँकेच्या थकीत कर्जासाठी दारात येणाऱ्या वसुली प्रतिनिधीला रिझर्व्ह बँकेच्या २००८ सालच्या निर्देशांप्रमाणे प्रशिक्षण घेऊन परीक्षा द्यावी लागते. हे प्रशिक्षण मुळात १०० तासांचे ठरवले गेले होते. सकाळी आठच्या आधी आणि सायंकाळी सातनंतर थकबाकीसाठी फोन करू नये, हेही २०२२ मध्ये स्पष्ट करण्यात आले. याउलट घरपट्टी, शेतसारा, पाटाची पाणीपट्टी किंवा महामंडळाच्या कर्जाचे हप्ते मागायला जाणाऱ्या कर्मचाऱ्याच्या हाती आपण पावतीपुस्तक आणि उद्दिष्टाचा आकडा देतो आणि त्याला गावात पाठवतो. माझी बहुतेक नोकरी जळगाव आणि धुळे जिल्ह्यांत महसुलाच्या कामात गेली. सरकारचे येणे वसूल करण्यासाठी कायद्याचे, हिशेबाचे आणि माणसांचे ज्ञान लागते व ते रीतसर शिकवले गेले पाहिजे, असे माझे ठाम मत तिथेच झाले.

सुरुवात नोंदवहीपासून करावी लागते. ग्रामपंचायतीच्या नमुना नंबर ९ मध्ये, म्हणजे कर मागणी नोंदवहीत, अनेक ठिकाणी अशा माणसांची नावे असतात जी वारून कित्येक वर्षे झाली. मुलांनी घर वाटून घेतलेले असते, एक भाऊ गावात आणि दोघे सुरतेला कामाला असतात, आणि मागणीचे बिल मात्र आजोबांच्या नावाने निघते. ते बिल घेणारा नातू ‘माझा वाटा किती?’ असे विचारतो. या प्रश्नाचे उत्तर कर्मचाऱ्याजवळ नसेल, तर त्या घरातून वसुली होणार नाही आणि तो दोष नातवाचा म्हणता येणार नाही. वारसनोंद, वाटपाची नोंद, सध्याचा पत्ता आणि फोन नंबर या चार गोष्टी अद्ययावत ठेवल्या तर निम्मे काम नोटीस काढण्यापूर्वीच होते, असे मी माझ्या हाताखालच्या प्रत्येक नव्या माणसाला सांगत असे.

त्यानंतर प्रश्न येतो वेळेचा. ग्रामपंचायतीचे वर्ष एप्रिल ते मार्च, तर महसुली वर्ष १ ऑगस्ट ते ३१ जुलै असे चालते. कोरडवाहू कापूस उत्पादकाचा पैसा या दोन्ही वर्षांचे ऐकत नाही. खानदेशात कापसाची वेचणी साधारण दसरा-दिवाळीच्या सुमारास सुरू होते आणि पैसा पुढच्या दोन-तीन महिन्यांत हाती येतो. फेब्रुवारी संपेपर्यंत त्यातून आडत्याची उचल, सोसायटीचे कर्ज आणि घरातल्या लग्नाची तयारी भागवलेली असते. अशा घरी मार्चच्या शेवटच्या आठवड्यात गाडी आणि ध्वनिक्षेपक घेऊन जाण्यात फारसा अर्थ नाही. जो कर्मचारी डिसेंबरमध्येच घरोघरी जाऊन चालू मागणी समजावून सांगतो, आणि सुरतेला गेलेल्या खातेदारांना दिवाळीत किंवा आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, ते गावी आलेले असताना गाठतो, त्याची वसुली शांतपणे होते. केळीच्या पट्ट्यात, रावेर-यावलकडे, पैशाचे चक्र वेगळे आहे आणि तिथले वेळापत्रकही वेगळेच हवे.

कायद्याने दिलेली साधने पुरेशी आहेत. महाराष्ट्र जमीन महसूल अधिनियम, १९६६ च्या कलम १७६ मध्ये मागणीची नोटीस, जंगम मालमत्तेची अटकावणी (ती ताब्यात घेणे) व विक्री, स्थावर मालमत्तेची जप्ती आणि अटकेपर्यंतचे मार्ग दिलेले आहेत. थकबाकीदार दुसऱ्या जिल्ह्यात राहत असेल, तर १८९० च्या महसूल वसुली अधिनियमाखाली तिथल्या जिल्हाधिकाऱ्यांकडे दाखला पाठवता येतो. दिवाणी प्रक्रिया संहितेचे कलम ६० शेतकऱ्याची अवजारे, कामाची जनावरे, बियाणे आणि कारागिराची हत्यारे यांना जप्तीपासून संरक्षण देते. हे ज्याला ठाऊक नाही, तो एक तर बेकायदा धमकी देतो किंवा भीतीपोटी काहीच करत नाही. मी दोन्ही प्रकार पाहिले आहेत आणि दोन्हींमुळे शासनाची पत जाते. शिवाय मुदत कायदा, १९६३ च्या अनुच्छेद ११२ प्रमाणे केंद्र व राज्य शासनाला दाव्यासाठी ३० वर्षे मिळतात, जिथे सामान्य सावकाराला बहुधा तीनच वर्षे मिळतात. या लांब मुदतीने वसुलीला जितकी मदत केली, त्याहून अधिक आळस पोसला, असे मला खेदाने म्हणावे लागते.

कर्जाची बाब आणखी गंभीर आहे. कराचा देणेकरी सरकार निवडत नाही, पण कर्जाचा लाभार्थी ते स्वतः निवडते. म्हणून तिथे वसुलीचा विचार कर्ज मंजूर करतानाच व्हायला हवा. मार्चपूर्वी उद्दिष्ट पूर्ण करायचे म्हणून दुधाळ म्हशीसाठी कर्ज दिले, पण त्या गावात दूध संकलन आहे का, चारा उन्हाळ्यात कुठून येणार, जनावर दगावल्यास विम्याचा दावा कोण भरून देणार, हे विचारलेच नाही, तर पहिल्या हप्त्यालाच थकबाकी सुरू होते. सातपुड्याच्या पायथ्याच्या एका गावात असे एक कुटुंब मला भेटले होते. म्हैस वर्षभरातच दगावली होती, विम्याचा अर्ज कोणी भरला नव्हता, आणि व्याजासह नोटीस मात्र नियमित येत होती. त्या घरातल्या बाईंनी मला अहिराणीत विचारले, ‘भाऊ, तुमना माणूस म्हैस देवाले उना व्हता, मंग मरनी तव्हय का उना नही?’ म्हणजे, म्हैस द्यायला तुमचा माणूस आला होता, मग ती मेली तेव्हा का आला नाही? कर्जव्यवस्थापनात पाठपुरावा म्हणजे काय, हे त्यांनी मला एका वाक्यात विचारले होते. पहिल्या सहा महिन्यांत दोनदा भेट देणे आणि अडचण दिसताच हप्ते बदलून देणे एवढ्या दोन गोष्टी केल्या असत्या, तरी ते खाते वाचले असते.

ज्याला देणे शक्य नाही आणि जो देत नाही, यांत भेद करता येणे ही या कामातली सर्वांत मोठी कसोटी आहे. अंतिम पैसेवारी, म्हणजे हंगामातल्या पिकाचा सरकारी अंदाज, ५० पैशांच्या आत आली की तहकुबी (वसुली पुढे ढकलणे) आणि सवलतींचा मार्ग कायद्यातच आहे, आणि तो तत्परतेने वापरावा. पण मुख्य रस्त्यावर गाळे असणाऱ्याची, पुढाऱ्याच्या जवळच्या माणसाची बाकी वर्षानुवर्षे तशीच राहते आणि गल्लीच्या टोकाच्या विधवेचे नळकनेक्शन तोडले जाते, तेव्हा गावात घरपट्टी वेळेवर भरणारेही हात आखडता घेतात. थकबाकीदाराला दंड-व्याजात सूट देणाऱ्या, वारंवार येणाऱ्या अभय योजनांचाही हाच परिणाम होतो. अडकलेले जुने वाद मिटवायला त्या कधीतरी लागतात, हे मी मान्य करतो. पण पुढची योजना येणारच अशी खात्री पटली, की वेळेवर भरणाऱ्यावर तो अन्याय ठरतो.

धुळे जिल्ह्यातल्या पांझरा नदीच्या काठी फड पद्धतीने, म्हणजे गावकऱ्यांनीच चालवलेल्या सामुदायिक सिंचनाने, पाणी वाटले जात असे, तेव्हा पाणी सोडणाऱ्या पाटकऱ्याचा आणि राखण करणाऱ्या जागल्याचा मोबदला व पाटाच्या दुरुस्तीचा वाटा शेतकरीच उचलत, कारण पाणी कोणाच्या वावरात गेले हे सर्वांना दिसत असे. ग्रामसभेत जमा-खर्चासोबत मोठ्या थकबाकीदारांची यादीही वाचली जावी, असे मी म्हणतो, ते याच आधारावर.

शेवटी निर्लेखनाबद्दल, म्हणजे वसूल न होणाऱ्या बाक्या हिशेबातून काढून टाकण्याबद्दल. मालमत्ता नाही, वारस नाही, पत्ता नाही, अशा बाक्या पंचनामा व पुराव्यासह सक्षम अधिकाऱ्याकडे प्रस्ताव पाठवून काढून टाकायला हव्यात. त्या नोंदवहीत ठेवल्याने मागणीचा आकडा फुगतो, वसुलीची टक्केवारी खोटी पडते आणि कर्मचारी न मिळणाऱ्या पैशामागे हेलपाटे घालतो. हे प्रस्ताव ऑक्टोबरपर्यंत पाठवले, तर कापसाचा पैसा येऊ लागेल तेव्हा हाती खरी यादी असेल.